सुरेखा परबची शिवण

सुरेखा परब या शिवणकाम करणाऱ्या बाईवर अन्याय झाला. तो गेल्या मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी झाला, दुपारी, डबे धुऊन बायका पुन्हा मशीनवर बसत होत्या तेव्हा. अंधेरी पूर्वेच्या एका वर्कशॉपात मालकीणबाईंनी शिफॉनचा एक फाटलेला अनारकली ड्रेस हवेत धरला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "शिवण गेली. सुरेखा, तुझ्या हातात आता ते राहिलेलं नाही." शिवण गेलेली नव्हती. कोणी बोललं नाही.

मावशी, अशी सुरुवात तुला चालली नसती. कोणावर, कधी, कुठे हे आधी सांगायचं आणि रडायचं ते नंतर, ही मला कामगार संघटनेत लागलेली सवय. "मेल्यार पण माझा पत्रक काढलंस गो?" असं म्हणाली असतीस आणि चष्म्यावरून बघितलं असतंस. हो, काढलं. तू होतीस तोवर काढू दिलं नाहीस. "मी असेपर्यंत नको, मला याच लायनीत काम मागायचंय," हे तुझं कारण होतं. आता तुला कोणाकडे काम मागायचं नाही.

तू गेलीस त्याला महिना व्हायला आलाय. विक्रोळीची आपली खोली शाळांना सुट्टी लागेपर्यंत माझ्याकडे आहे, मग तुझा भाऊ गावाहून येईल आणि कुलूप लावेल. मी अजून भिंतीकडच्या अर्ध्या भागातच झोपते. तुझी बाजू मोकळी असते. संध्याकाळी घरी आले की शेजारच्या काकू दारातून विचारतात, जेवलीस का, आणि मी हो म्हणते. घरातलं बोलणं तेवढंच. दिवसभर मी माणसांशीच बोलत असते, गेटवर, बसथांब्यावर, सभेत. घसा बसलेला असतो. आणि खोलीत शिरल्यावर कळतं की दिवसभरात आपल्याशी कोणीच बोललेलं नाही.

तू मला घरी आणलंस ते यासाठीच होतं, हे मला आता समजतं. आपली ओळख झाली ती तुमच्या वर्कशॉपच्या गेटवर. मी पत्रकं वाटत होते, बायका घेऊन न वाचता पर्समध्ये कोंबत होत्या. तू कागद दोन बोटांत धरून चोळलास.

"बरा आहे. अजून दे."

मला वाटलं, चला, एक तरी भेटली. अख्खा गठ्ठा दिला. पुढच्या आठवड्यात मी विचारलं, वाटलीत का हो पत्रकं. तू म्हणालीस, "वाटतेय कसली. बाहीचे कागद कापले. पण लहान पडतं गो तुझं पत्रक, पाठीचा भाग बसत नाही. पुढच्या वेळी मोठं छाप." मी चिडले. तू माझं चिडणं पुरं होऊ दिलंस आणि मग विचारलंस, राहतेस कुठे. मुलुंडला बाबांशी भांडून मी घर सोडलं होतं आणि एका मैत्रिणीकडे पडून होते. "माझ्याकडे ये," म्हणालीस. "मला घरात आवाज लागतो." तुझ्या घरी कपाट उघडलं तर सुतळीत बांधलेल्या कागदी बाह्या, कॉलर, खांद्याचे योक, आणि प्रत्येकावर माझी अर्धी अर्धी वाक्यं. "कामगार बहिणींनो" हे एका बाहीवर होतं, "आता गप्प बसणार ना" दुसऱ्या बाहीवर, आणि उरलेली अक्षरं कातरीने नेली होती. मी हसले नाही तेव्हा. तू मात्र बरीच हसलीस.

घाईचं काम असलं की तू शिफॉन घरी आणायचीस. त्या दिवशी पंखा बंद, खिडकी बंद, मला हलायचीही बंदी. शिफॉन टेबलावर ठेवलं की घसरतं, कातरी लावली की सरकतं, सुईखाली गेलं की मशीन त्याला गिळायला बघतं. तू खाली पतंगाचा पांढरा कागद घालायचीस आणि कागदासकट टीप मारायचीस, म्हणजे सुई कापड खाली ओढत नाही. पहिली टीप कापडाच्या सुलट बाजूने. मला ते चुकल्यासारखंच वाटायचं. मग कडा इतक्या बारीक कापायचीस की मी श्वास धरायचे. मग कापड उलटवून, नखाने शिवण दाबून, तिच्यावर दुसरी टीप. कापलेली कड दोन टिपांच्या आत बंद होऊन जायची. कागद हळूच फाडून काढला की उरायची ती नुसती एक रेघ, बाहेरून तशीच आणि आतूनही तशीच. फ्रेंच शिवण. तू तिला नुसतं "आपली शिवण" म्हणायचीस.

"कडेवरून ओव्हरलॉक मारलं तर? एका मिनिटाचं काम," मी एकदा म्हटलं.

"मार की. अंगाला टोचेल. चार धुण्यांत कड पिंजेल. जी घालणार तिला कळतंच ना आत काय आहे."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांचं माका काय?"

आमच्या मोर्च्याचं बॅनर जोडायला दिलं तेव्हाही तू हेच केलंस. कापडाचे दोन पन्हे जोडायचे, एक टीप पुरली असती. तू दुपार घालवलीस. मी घड्याळ बघत उभी होते आणि शेवटी बोललेच, "मावशी, बॅनर आहे ते. मागून कोण बघणार?"

तू दोरा दाताने तोडलास. "मागनं चालणारे. तुझ्याच बायका."

मी घड्याळ बघणं सोडून बॅनरचं दुसरं टोक धरलं. तुझ्यापुढे असं वरचेवर व्हायचं, आणि मला त्याचा राग यायचा, हे लिहून टाकते. तू माझी भाषणं ऐकायचीस, मशीनवर बसल्या बसल्या. "हे दोनदा सांगितलंस, एकदा काप." "इथे लांबलंय." सगळं मी तुझ्यासमोर मोठ्याने वाचून मगच छापायला द्यायचे. हे आत्ताचं कोणाला वाचून दाखवू? दोनदा सांगितलेलं काही राहिलं असेल तर राहू दे.

आपलं खरं भांडण झालं ते दोऱ्यावरून. गेल्या दिवाळीच्या घाईत तुमच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, सगळ्या मशीनना एकच रीळ लावायचा हुकूम काढला, जाड पॉलिस्टर दोऱ्याचं, जे पिशव्या नि बॅगांना वापरतात. रीळ बदलण्यात वेळ जातो म्हणून. तू त्या दिवशी घरी आलीस ती धुसफुसत.

"बारीक कापडाला दोरा कापडाहून कमजोर लागतो. ताण आला तर दोरा तुटू दे, शिवण परत घालता येते. कापड फाटलं की वाट लागली, ते कुठून आणणार?"

मी पत्रकवाली. माझ्या डोक्यात लगेच ठिणगी. "म्हणजे ताण आला की कमजोराने तुटायचं आणि भारीने वाचायचं? हे तर मालकांचंच म्हणणं झालं की."

"मी शिफॉनचं बोलतेय गो."

"पण अर्थ तोच होतो ना."

"अर्थ तुझ्याकडे. माझ्याकडे शिफॉन आहे. गप रव आणि चहा ठेव."

चहा ठेवला, पण वाद सोडला नाही. कित्येक दिवस जेवताना मी तो उकरून काढत होते. मला अजूनही पटलेलं नाही, मावशी. शिफॉनपुरतं पटतं. त्यापुढे माझ्या मनात एक प्रश्न आहे आणि तो विचारायला समोर तू लागतेस, कारण तू ऐकून न घेतल्यासारखं करून सगळं ऐकायचीस. दुसऱ्या कोणाशी हा वाद घालून बघितला. ते लगेच "बरोबर आहे तुझं" म्हणतात. बरोबर असण्यात एवढं एकटं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

मॅडमना तू सांगून पाहिलंस. तुम्ही दोघी एकाच शिवणक्लासच्या, एका बाकावर बसून पहिली टीप शिकलेल्या. सगळ्यांसमोर तू तिला मॅडम म्हणायचीस, चहाच्या वेळी नावाने. "दिवाळीपर्यंत चालवून घे," ती म्हणाली. दिवाळी गेली आणि रीळ तेच राहिलं. तू सांगितल्या दोऱ्याने शिवत राहिलीस, शिवण मात्र तुझीच, दोन टिपांची. एका मालिकेतल्या नाचाच्या शॉटसाठी अनारकली गेला, आणि काखेखाली फाटून परत आला.

त्या गुरुवारी बायकांना लवकर घरी जायचं होतं. घट मांडायचे होते, फुलं घ्यायची होती. मालिकेचे कपडे नेणारा माणूस समोर उभा होता, मॅडमना त्याला काहीतरी सांगणं भाग होतं. तू म्हणालीस, "आतून बघ." एवढंच. ड्रेस उलटायला किती वेळ लागतो? तिने उलटला नाही. उलटला असता तर दोन्ही टिपा जागच्या जागी दिसल्या असत्या आणि कापड त्यांच्या कडेकडेने फाटत गेलेलं दिसलं असतं. म्हणजे दोरा कापडाला भारी पडला. आणि दोरा कोणी बदलला होता? तिला ते माहीत होतं. ज्या बाकावर तू शिकलीस त्याच बाकावर ती शिकली होती. एखाद्या नवख्या बाईने न उलटता दोष दिला असता तर मी समजून घेतलं असतं. हिने तो मुद्दाम उलटला नाही.

आणि बाकीच्या? माना खाली, डोळे सुईकडे. मशीन सुरू करायचा आवाज एकीने केला, मग सगळ्यांनी.

माझा घसा धरला होता म्हणून त्या दिवशी मी घरी होते. तू अवेळी आलीस, कामावरून काढलेली. हातात कातरी आणि बोटातलं अंगुस्तान, रुमालात गुंडाळलेलं. चप्पल काढलीस, हातपाय धुतलेस, देवीपुढे घट मांडलास, कहाणी वाचलीस. सगळं झाल्यावर मला सांगितलंस, आणि तेही मॅडमची बाजू आधी. "तिच्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं गो." मी उसळले. त्याच वेळी पेन काढलं. तू माझ्या हातातून पेन घेतलंस आणि खडूच्या डब्यात टाकलंस.

पुढे कित्येक दिवस आपण त्यावर भांडलो. मला लेखी माफी हवी होती, गेटवर निदर्शनं हवी होती, त्या दोऱ्याचं रीळ सगळ्यांसमोर ठेवून बोलायचं होतं. तुला त्यातलं काही नको होतं.

"मग तुला हवंय काय?"

"तिने ड्रेस उलटून बघावा. आणि तेव्हा ज्या बसल्या होत्या त्यांच्यासमोर सांगावं, शिवण गेली नव्हती."

"बस?"

"बस म्हणजे? त्याहून मोठं काय असतं?"

मला ते फार लहान वाटलं. इतक्या वर्षांची नोकरी गेली आणि ही बाई एक वाक्य मागते. मी म्हटलं, "मावशी, तू स्वतःला स्वस्तात सोडतेस." तू मशीन सुरू केलंस, भांडण संपवायची तुझी ती रीत होती.

तू कामासाठी साकीनाक्यापासून मरोळपर्यंत फिरलीस. ज्या गल्लीत जावं तिथे बातमी तुझ्या आधी पोचलेली. कोणी वाईट बोललं नाही, हेच तर. "मावशी, नाजूक काम आता नाहीये, सोफ्याच्या खोळी आहेत, चालेल?" "पडद्यांचं बघता का?" तू खोळी शिवल्यास. शाळेच्या दप्तरांचे पट्टे शिवलेस. जाड सुई, जाड कापड, तोच पॉलिस्टरचा दोरा. आणि तरीही रोज जेवणाआधी वाटीत साखर आणि खोबरेल घेऊन तळहात नि बोटं चोळायचीस, नखं घासायचीस. शिफॉनला बोटाची साल लागली की धागा ओढला जातो, त्यासाठी तू वर्षानुवर्षं हे करत आलीस. घरात शिफॉनचा तुकडा नव्हता. मी नुसती बघायचे. ती साखर चोळल्याचा खरखर आवाज, मग नळाचं पाणी, मग तू ओढणीला हात पुसायचीस. अजून मी जेवायला बसले की त्या आवाजाची वाट बघते.

त्याहून वाईट काय झालं ते सांगते, कारण ते कोणाला माहीत नाही. तुलाच शंका यायला लागली. फेब्रुवारीत कधीतरी तू जुन्या कापडाच्या पट्ट्यांवर शिवणी घालून त्या दोन्ही हातांनी ओढून बघायला लागलीस. "बघ गो, सुटतेय का?" मी बघायचे. सुटत नसायची. "घट्ट आहे," मी म्हणायचे.

"तुका काय कळता."

बरोबर होतं तुझं. मला कळत नाही. माझ्या "घट्ट आहे"ला त्या कामात किंमत नव्हती. तुला ते ज्यांना कळतं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, ज्या रोज त्याच सुईवर बसतात त्यांच्याकडून, आणि त्यातली एकही घरी आली नाही. एकीचाही फोन नाही. हातात हुन्नर असलेली बाई स्वतःच्याच शिवणी ओढून बघत बसलेली मी पाहिली आहे. मावशी, ते बघणं मला तुझ्या जाण्यापेक्षा जड गेलं.

तू गेलीस तेव्हा मी मुलुंडला होते, आईकडे. तूच पाठवलं होतंस. कितीतरी दिवसांनी गेले होते. घर सोडताना मी सोबत आणलेली आईची जुनी मलमलची साडी तू त्याच्या महिनाभर आधी माझ्याकडून मागून घेतली होतीस, पदर विरलेला, मध्ये मात्र चांगली. तिची ओढणी केलीस. कड बोटांत गुंडाळत, हाताने, बारीक टाके. मशीन लावलं नाहीस. "आईला दे आणि जेवून ये. बाबांशी भांडू नको, भांडायचं तर जेवून झाल्यावर भांड."

आईने ओढणी हातात घेतली, कडेवरून बोट फिरवत गेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उलटी करून परत. आई बँकेत काम करते, शिवणातलं तिला तुझ्या भाषेत काही कळत नाही. ती म्हणाली, "कोणी केलं गं हे? याला उलटी बाजूच नाहीये." मी म्हटलं, मी ज्यांच्याकडे राहते त्यांनी. तिने ओढणीची घडी घातली, आणि मग म्हणाली, "त्यांना एकदा घेऊन ये जेवायला."

हे मी तुला सांगणार होते. कसं सांगायचं तेही ठरवलं होतं, आधी काही न बोलता, तू विचारलंस की मग. पानं वाढली होती तेव्हा शेजारच्या काकूंचा फोन आला. तू खाटेच्या कडेला बसली होतीस, भिंतीला टेकून, त्यांना आधी वाटलं डोळा लागलाय.

डॉक्टर हृदय म्हणाले. तुला साखर होती, गोळ्या तू चुकवायचीस. आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे की लिहावं, त्या अपमानाने बळी घेतला. मी लिहिणार नाही. मला ते माहीत नाही, आणि न माहीत असलेलं एक वाक्य घातलं की खऱ्या वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. अपमान झाला, तो खोट्या कारणासाठी झाला, आणि तू तो सोबत घेऊन गेलीस. एवढं माहीत आहे. एवढं पुरे.

तुझा भाऊ कुडाळहून आला. साधा माणूस. सगळं केलं त्याने, नीट केलं. दहाव्यानंतर मशीनकडे बघत बसला होता. मला म्हणाला, "कामात जीव होता तिचा. शेवटी हातानं दगा दिला ना? आमच्या गावच्या एकाने सांगितलं, अंधेरीत असतो तो. हात गेला म्हणून काढली."

गावापर्यंत पोचलं होतं ते.

मी सांगितलं, नाही काका. ड्रेस, दोरा, शिवण, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मान हलवत होता. शहरातली पोर बहिणीच्या बाजूने बोलतेय, चांगली आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. विश्वास नव्हता. का असावा? मी कोण? मी तिथे नव्हते आणि मला टीप मारता येत नाही. मी सभेत हजार माणसांना बोलते आणि तुझ्या सख्ख्या भावाला एक गोष्ट पटवू शकले नाही. तो गेल्यावर मी दार लावलं आणि तुझ्या बाजूला, तुझ्या मोकळ्या बाजूला, पहिल्यांदा जाऊन बसले. मग मला ते वाक्य किती मोठं आहे ते दिसलं, जे तू मागत होतीस. मी बरीच मोठी मोठी मागणीपत्रं लिहिली आहेत. त्यातल्या एकाही मागणीने तुझ्या भावाची मान वेगळी हलली नसती.

त्यानंतर एक बाई आली. तुमच्याच वर्कशॉपातली. नाव लिहीत नाही. आत आली नाही, दारातच उभी राहिली, चप्पल पायातच.

"त्यांचा ड्रेस दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला होता, दुरुस्तीला," ती म्हणाली. "मी उलटला. शिवण तशीच होती. दोन्ही टिपा. कापड गेलं होतं बाजूने. मी बोट फिरवून बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार कोणाला? मॅडमना?" मग जिन्याकडे बघत, "सुरेखाताईंना तरी सांगायचं होतं. येते येते म्हणत राहून गेलं. माझं नाव घेऊ नका हं."

मला तिला ओरडायचं होतं. माझा घसा तयार होता. पण तिचा हात चौकटीवर होता आणि ती अंगठा दुसऱ्या बोटावर घासत होती, तू घासायचीस तसाच, बोटाची साल शोधत. मी म्हटलं, चहा घेता? ती नको म्हणाली आणि गेली. जिन्यावरून उतरताना तिची पावलं ऐकू येत होती, तेवढा वेळ घरात कोणीतरी असल्यासारखं वाटलं. एक माणूस, ज्याला तुझी शिवण वाचता येते.

मावशी, तू असेपर्यंत नाव छापलं नाही. मॅडमचं नाव अजूनही छापत नाही, कारण तू शेवटपर्यंत तिला चहाच्या वेळच्या नावाने हाक मारत राहिलीस आणि तो तुमचा दोघींचा प्रश्न आहे. तुझ्या कामाचं नाव मात्र आता दोघींपुरतं उरलेलं नाही. ते तुझ्या भावाचं आहे, त्या गल्लीत पुढे जिच्या हातावर बोट ठेवलं जाईल तिचं आहे.

म्हणून इथून पुढे मी तुझ्याशी नाही, वाचणाऱ्यांशी बोलते.

बायांनो, तुम्ही त्या दुपारी त्या खोलीत होतात. हे पत्रक तुमच्या हातात पडेल, कारण मी ते तुमच्या गेटवर स्वतः उभी राहून देणार आहे. पर्समध्ये कोंबू नका. तुमच्यातल्या किती जणींनी तो ड्रेस पाहिला हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. नोकरीची भीती खरी आहे, ती मी खोटी म्हणत नाही. एकटी बोलली तर एकटीला काढतील, हेही खरं. शोकसभा आहे रविवारी, तिथे येऊन हार घालू नका, माझ्या कानात काही सांगू नका. मला सांगून काही होत नाही, मी ते बघितलं आहे. सोमवारी सकाळी, मशीन सुरू करायच्या आधी, एकीने उभं राहायचं आणि मॅडमच्या तोंडावर म्हणायचं: सुरेखाची टीप शाबूत होती, आम्ही पाहिली. ती खाली बसायच्या आत दुसरीने उभं राहायचं.